पुनरावृत्तीचा अन्वय आणि व्यतिरेक : दृश्य आकृतिबंधांच्या शोधाविषयी

१

एखाद्या कलाकृतीत एकच दृश्य आकार पुन्हा पुन्हा येतो आहे हे ध्यानात येण्याचा क्षण समीक्षकाला मोठा आनंद देणारा असतो. कादंबरीच्या आरंभी दिसलेली वाट शेवटी पुन्हा दिसते, चित्रकाराच्या तीन दशकांच्या निर्मितीत तेच वर्तुळ येत राहते, आणि विखुरलेले तपशील एका सूत्रात ओवले गेल्याचा प्रत्यय येतो. हा आनंद खोटा नसतो. परंतु तो नेमका कशाचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कलाकृतीत असलेले काही हाती लागल्याचा तो आनंद आहे, की आपल्याच नजरेची सवय कलाकृतीवर उमटलेली पाहण्याचा? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. 'आकृतिबंध' ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे : पुनरावृत्तीमुळे ओळखीची झालेली दृश्य आकारांची मांडणी, एवढाच तिचा अर्थ अभिप्रेत आहे. अशी मांडणी कलाकृतीत असते तशीच दाराशी, भिंतीवर, लुगड्याच्या काठावरही असते. दोन्हीकडे ती पाहण्याची आपली रीत एकच असल्यामुळे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मराठी कादंबरीतील दृश्यप्रतिमा हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंधाच्या परिशिष्टात लांबलचक कोष्टके होती : एका बाजूला कादंबऱ्यांची नावे, वरच्या ओळीत 'वर्तुळ', 'रेषा', 'उंबरा', 'उतार' असे रकाने, आणि चौकटींत आकडे. परीक्षकांनी या कोष्टकांचे विशेष कौतुक केले होते. पुढे अनेक वर्षांनी एम.ए.च्या वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शिकवताना मी ती कोष्टके विद्यार्थ्यांपुढे ठेवली. 'बनगरवाडी'पुढे 'वर्तुळ' या रकान्यात बऱ्यापैकी मोठा आकडा होता. एका विद्यार्थिनीने त्या नोंदी तपासल्या आणि अगदी साधेपणाने विचारले, "मॅडम, माणसं बोलायला बसली की गोलच बसतात ना?" संहितेत 'गोल' हा शब्द जिथे नव्हता तिथेही, चार माणसे एकत्र आली एवढ्या आधारावर, मी वर्तुळ मोजले होते. वर्गात हशा झाला. मीही हसले. पण त्या दिवशी घरी जाऊन ते परिशिष्ट पुन्हा वाचले, तेव्हा त्यातल्या निम्म्या नोंदी लेखकाच्या नसून माझ्या आहेत हे मान्य करणे भाग पडले.

२

प्रतिमांची मोजदाद करण्याची ही रीत मी शोधलेली नव्हती. कॅरोलाइन स्पर्जन यांच्या शेक्सपिअरच्या प्रतिमासृष्टीवरील १९३५ च्या ग्रंथाने तिला प्रतिष्ठा दिली होती. नाटकांतील प्रतिमांचे वर्गीकरण करावे, त्यांचे तक्ते मांडावेत आणि त्यांवरून नाटकाच्या अंतर्गत वातावरणाविषयीच नव्हे, तर नाटककाराच्या आवडीनिवडींविषयीही अनुमाने काढावीत, असे तिचे स्वरूप होते. या रीतीने पुष्कळ काही नजरेस आणून दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्यामागचे गृहीतकृत्य मात्र तपासून घ्यायला हवे. जे अधिक वेळा येते ते अधिक अर्थपूर्ण असते, असे ते गृहीतकृत्य आहे.

मराठी सौंदर्यविचाराने या गृहीतकृत्याला खरे तर केव्हाच पर्याय दिला होता. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा उलगडा लयतत्त्वाच्या आधारे केला तेव्हा त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयी मानल्या. कलाकृतीतील संवेदना परस्परांशी जुळतात म्हणून जशी लय निर्माण होते, तशीच त्या परस्परांना छेदतात म्हणूनही होते, हे त्यांच्या मांडणीतले महत्त्वाचे सूत्र. आकृतिबंध शोधताना आपण तीनपैकी एकच लय, म्हणजे संवादलय, ध्यानात ठेवतो. जुळणारे तेवढे वेचतो आणि न जुळणारे अपघात म्हणून सोडून देतो.

अलंकरणकलेच्या मानसशास्त्राविषयी ई. एच. गोम्ब्रिख यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द सेन्स ऑफ ऑर्डर' या ग्रंथात याच मुद्द्याची दुसरी बाजू दिसते. नियमित मांडणी डोळा झपाट्याने गृहीत धरतो आणि पुढे सरकतो. तो थांबतो ते नियम मोडलेल्या जागी, असे त्यांच्या विवेचनाचे एक सूत्र आहे. फरसबंदीतली एकसारखी शंभर चौरस लाद्या आपण पाहतो आणि पाहत नाही. फुटलेली एक लादी मात्र आपल्याला दिसते. पुनरावृत्तीने नियम सिद्ध होतो आणि अवधान जागे होते ते त्या नियमाच्या खंडापाशी. तसे असेल तर पुनरावृत्ती मोजणारा समीक्षक नेमके तेच मोजत बसलेला असतो, जे प्रेक्षकाच्या डोळ्याने ओलांडून टाकले आहे.

आपल्या परंपरेत दोन भिन्न इशारे या संदर्भात उपयोगी पडतात. पहिला काकतालीय न्यायाचा. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच वेळ आली, एवढ्यावरून त्यांच्यात कार्यकारणसंबंध मानता येत नाही. दुसरा इशारा मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तला आणि अधिक विधायक आहे. एखादा अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हा वाद सोडवताना मम्मट अन्वय-व्यतिरेकाचा आधार घेतो. शब्द बदलून त्याच्या जागी पर्यायशब्द ठेवा. अलंकार नाहीसा झाला तर तो शब्दाचा, टिकला तर अर्थाचा. म्हणजे एखादी गोष्ट असताना काय होते एवढे पाहून थांबायचे नाही. ती नसताना काय होते हेही पाहायचे. आकृतिबंधाच्या समीक्षेत अन्वय भरपूर आहे. उणीव आहे ती व्यतिरेकाची.

याच परंपरेने पुनरावृत्तीचे प्रकारही वेगळे केले आहेत. नुसती पुनरुक्ती हा दोष. तेच वर्ण भिन्न अर्थाने परत आले तर यमक. आणि तोच शब्द त्याच अर्थाने परत येऊनही तात्पर्य मात्र बदलले, तर तो लाटानुप्रास. दृश्य आकृतिबंधांच्या विचाराला मला हा तिसरा प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो. आकार तोच, त्याचा वाच्य अर्थही तोच, आणि तरीही दुसऱ्या वेळी तो काही निराळे सांगतो. तो आकार किती वेळा आला हे मोजून हे निराळेपण सापडत नाही. दोन वेळांच्या मधे काय घडले ते वाचावे लागते.

३

समोर दिसणारा आकृतिबंध कोणी घडवला, हा पहिला प्रश्न. त्याची उत्तरे चार संभवतात : माध्यमाने, रूढीने, निर्मात्याने किंवा पाहणाऱ्याने.

माध्यमाचा वाटा आपण फार कमी लेखतो. मागावर ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे विणून काढलेली वक्ररेषा ही वस्तुतः बारीक पायऱ्यांची रेषा असते. हातमागाच्या काठांवर दिसणारे त्रिकोण, करवतीसारखे दाते आणि चौकटी यांपैकी पुष्कळ आकार विणकराच्या मनातल्या प्रतीकाआधी मागाच्या रचनेत असतात. ठिपक्यांच्या रांगोळीचेही तसेच आहे. 'सात ते चार' ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधली ओळ सातांची, आणि तिच्या वर व खाली सहा, पाच, चार अशा उतरत्या ओळी; प्रत्येक ओळीचे ठिपके शेजारच्या ओळीतल्या ठिपक्यांच्या मधल्या जागी. या मांडणीतून षट्कोण आपोआप तयार होतो आणि त्यात फूल काढले की सहा पाकळ्यांचे निघते. 'सात ते सात' अशा चौरस मांडणीतून चार किंवा आठ पाकळ्या सहज येतात. माझ्या आईच्या रांगोळीच्या वहीत अशी फुले पानोपानी होती. त्या सहा पाकळ्यांत षट्कोणाचे तांत्रिक प्रतीक वाचण्याचा मोह मला विद्यार्थिदशेत झाला होता. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "अगं, ठिपकेच तसे आहेत." माध्यमाविषयी याहून नेमके विधान मी नंतर फारसे वाचलेले नाही.

रूढीच्या आकृतिबंधाचा विचार करताना जागा आणि वेळ यांना महत्त्व येते. वारली घरात लग्नाच्या वेळी सवाष्ण स्त्रिया भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक रेखाटतात, तो त्या विधीचा भाग असतो. चौकात पालघट देवीची स्थापना असते. चौकाची चौकट, तिच्या कडेच्या नक्षीच्या पट्ट्या, दोन त्रिकोणांनी बांधलेली माणसे हे सारे दर लग्नात परत येते, आणि परत येणे हेच त्याचे प्रयोजन असते. तिथे नवेपणाचा अभाव हा दोष ठरत नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी हीच लिपी कागदावर आणि कापडावर आणली, तेव्हा विधीची वेळ आणि भिंतीची जागा दोन्ही मागे राहिल्या. त्यांच्या चित्रांत तारप्याभोवतीचा नाच, मासेमारीचे जाळे, मुंग्यांची हालचाल हे विषय आले. रूढ आकार एका माणसाच्या निरीक्षणाला उत्तरदायी झाले. आज तोच तारपा-नाचाचा वळसा कपांवर, पडद्यांवर आणि कुंपणाच्या भिंतींवर छापलेला आढळतो. आकार तिन्ही ठिकाणी एकच आहे. चौकात तो विधीचा अंश आहे, म्हसे यांच्या कागदावर निरीक्षणाचे साधन, आणि कपावर सजावट. 'वारली आकृतिबंध' अशी एकच नोंद या तिन्हींपुढे करणारे कोष्टक काही चुकीचे सांगत नाही. पण सांगण्यासारखे जे आहे ते त्यातून गळून पडते.

४

निर्मात्याने जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या पुनरावृत्तीची दोन उदाहरणे आधुनिक भारतीय चित्रकलेतून घेता येतील.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या बालपणीची एक हकिकत सर्वश्रुत आहे. मंडला भागातल्या शाळेत या चंचल मुलाचे चित्त थाऱ्यावर यावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत राहायला सांगितले. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले, दीर्घकाळ निसर्गचित्रांत रमले, आणि साधारण १९८० पासून बिंदू हा त्यांच्या चित्रांचा केंद्रविषय झाला. ही हकिकत सांगितली की बिंदूचा उलगडा झाला असे पुष्कळांना वाटते. परंतु चरित्रातला ठिपका हा फार तर चित्रातल्या बिंदूचा उगम ठरेल. त्यावरून बिंदूचा अर्थ निश्चित होत नाही. १९८१ च्या 'माँ' या चित्रात काळ्या बिंदूला कॅनव्हासवरील अस्वस्थ रंगक्षेत्रांशेजारी आणि देवनागरीत लिहिलेल्या एका काव्यपंक्तीशेजारी नांदावे लागते. तिथे त्याच्या स्थैर्याला विरोध करणारे काही आहे, म्हणून ते स्थैर्य जाणवते. नंतरच्या बऱ्याच चित्रांत बिंदू मध्यभागी आणि त्याभोवती समकेंद्री वलये अशी मांडणी ठरून गेली. बिंदू तोच, अर्थ तोच, तात्पर्यही तेच. माझ्या मते या ठिकाणी लाटानुप्रासाची पुनरुक्ती झाली आणि आकृतिबंध चित्रकाराची मुद्रा बनला. मुद्रेने चित्रकार ओळखू येतो. पण ओळख पटल्यावर पाहण्याचे काम संपते.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचा मार्ग वेगळा होता. विणकर सेवा केंद्रात नोकरी, १९६० च्या दशकात वाराणसीचे वास्तव्य, तांत्रिक आकृतींचा आरंभीचा प्रभाव, आणि त्यातून बाहेर पडून ओळखीच्या वस्तूंकडे वळणे असा तो प्रवास आहे. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या मराठी ग्रंथात त्यांनी वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या संबंधांचा जो विचार केला, तो आपल्या साहित्यसमीक्षेनेही आपलासा करावा असा आहे. त्यांच्या चित्रांत पान, ढग, फळ, घड्याळ पुन्हा पुन्हा येतात. मात्र प्रत्येक वेळी त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदललेले असते, टेकण्याचा आधार काढून घेतलेला असतो, शेजार नवा असतो. घड्याळ घड्याळच राहते. त्याचे कशाचेही प्रतीक होत नाही. पण भिंतीवरून सुटलेले ते घड्याळ पानाच्या शेजारी आले की त्याचे वेळ दाखवणे मागे पडते आणि गोलपण पुढे येते. इथे पुनरावृत्ती हा एक प्रयोग आहे : एक घटक स्थिर ठेवून बाकीचे बदलत पाहणे. अन्वय-व्यतिरेकाची पद्धत चित्रकाराने स्वतःच राबवल्याचे हे उदाहरण म्हणता येईल.

५

आता पुन्हा 'बनगरवाडी'कडे येऊ. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी लिहिणारे माडगूळकर स्वतः चित्रे काढीत, आणि त्यांच्या गद्यातले दृश्यत्व सर्वमान्य आहे. माझ्या कोष्टकात 'वर्तुळ' भरपूर होते आणि 'वाट' या उपरकान्यात तुलनेने थोड्या नोंदी. आज ही कादंबरी वाचताना मला तिचा खरा आकृतिबंध वर्तुळात दिसत नाही. तो एका रेषेत आहे. ती रेषा जाणाऱ्या-येणाऱ्यांची. मेंढपाळांची वाडी म्हणजे सकाळी बाहेर पडणारे कळप आणि संध्याकाळी परतणारे कळप. हे जाणे-येणे इतके नित्याचे की वाचकाचा डोळा ते लवकरच गृहीत धरतो, आणि त्याने ते गृहीत धरावे अशीच रचना आहे. कारण शेवटी दुष्काळ पडतो, आणि माणसे जनावरांना घेऊन वाडी सोडतात. आकार म्हणून पाहिले तर हे जाणे रोजच्या जाण्यासारखेच आहे : तीच माणसे, तीच जनावरे, तीच वाट. परतीची हालचाल तेवढी नाही. जी संध्याकाळ आपण इतके दिवस न पाहता पाहिली, तिचा अभाव आता आपल्याला दिसतो.

मास्तराचे तसेच. आरंभी एक तरुण माणूस परक्या वाडीकडे एकटा चालत येतो. शेवटी ओस पडलेल्या वाडीतून तोच एकटा निघतो. वाटेवरची एकटी आकृती हा एकच आकार दोनदा आला आहे. पहिल्या वेळी ते एकटेपण परकेपणाचे आहे. दुसऱ्या वेळी आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही म्हणून आलेले. मधल्या पानांत गावाने मिळून तालीम बांधलेली आहे. ज्या माणसांसाठी ती उभारली ती माणसेच आता तिथे नाहीत. माझ्या कोष्टकात या साऱ्याची नोंद 'वाट : २' अशी झाली होती. आकडा बरोबर होता, आणि कादंबरी हातून निसटली होती.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, दूरदूरच्या संस्कृतींत आढळणाऱ्या समान आकारांचा विचार करणारी एक मोठी परंपरा आहे. युंग यांनी मंडलाकृतीविषयी केलेले विवेचन किंवा नॉर्थ्रॉप फ्राय यांची १९५७ च्या 'अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम'मधील आदिबंधांची मांडणी ही तिची उदाहरणे. ती निरर्थक आहे काय? मुळीच नाही. माणसांची कल्पनाशक्ती कोणत्या आकारांकडे पुन्हा पुन्हा वळते, या प्रश्नाचे उत्तर ती शोधते. मात्र ही कादंबरी किंवा हे चित्र काय सांगते, या निराळ्या प्रश्नाला ते उत्तर लावून मोकळे होता येत नाही. वर्तुळ सर्वत्र असेल, तर 'येथे वर्तुळ आहे' या विधानात येथल्याविषयी फारसे काही सांगितले जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. व्यतिरेकाला, म्हणजे अभावाला, महत्त्व द्यायचे तर समीक्षक कोणताही अभाव अर्थपूर्ण ठरवू शकेल. कलाकृतीत नसलेल्या गोष्टी अनंत असतात. या आक्षेपाचे उत्तर पुनरावृत्तीनेच दिले पाहिजे. 'बनगरवाडी'त समुद्र नाही, हा व्यतिरेक ठरत नाही, कारण समुद्राची अपेक्षा संहितेने कधी निर्माण केलेली नाही. परतणारे कळप नाहीत, हा व्यतिरेक आहे, कारण त्यांची अपेक्षा संहितेने रोज निर्माण केली होती. पुनरावृत्तीचे खरे कार्य हे की ती अपेक्षा घडवते आणि अभावाला आकार देते. म्हणून मोजदाद टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. तिच्याशिवाय नियम सिद्ध होत नाही, आणि नियमाशिवाय खंड दिसत नाही. समीक्षा मोजदादीपाशी थांबू नये, एवढेच म्हणणे आहे.

ही गोष्ट मला ग्रंथांआधी घरात कळायला हवी होती. आई रोज सकाळी उंबऱ्यापुढे रांगोळी काढी आणि शेवटी तिच्यावर हळदीकुंकवाची चिमूट टाकी. वडील गेले त्या दिवसांत दारापुढे रांगोळी नव्हती. जिन्यावरून जाणारी माणसे त्या कोऱ्या फरशीपाशी थबकत आणि आवाज खाली आणत. कोणाला काही सांगावे लागले नाही. दिवस झाल्यावर काही काळाने आईने पुन्हा ठिपके मांडले. तीच 'सात ते चार', तेच सहा पाकळ्यांचे फूल, रेषेतली सफाईही तीच. रांगोळी पूर्ण करून ती उठली आणि हळदीकुंकवाचा करंडा तिने वहिनीच्या हाती दिला. मी त्या वेळी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर काम करत होते, आणि दारात उभी राहून हे पाहत होते. माझ्या कोष्टकात ती रांगोळी आदल्या शेकडो रांगोळ्यांसारखी आणखी एक नोंद म्हणून गेली असती.

प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याचा प्रस्ताव आहे. परिशिष्ट वगळावे असा सल्ला काहींनी दिला. मी ते ठेवणार आहे. ज्या नोंदी माझ्याच होत्या त्यांवर काट मारीन, पण ती काट वाचकाला दिसेल अशी ठेवीन. आणि उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना वाढवावा लागेल : हा आकार येथे आला नसता, तर काय वेगळे झाले असते? तो रकाना भरायला मूळ प्रबंधाहून अधिक वर्षे लागतील असे दिसते.